तांबड्यानं घातलेली अंडी

माझ्या बायकोला पांढरा रंग सोळा प्रकारचा दिसतो. तुम्हाआम्हाला फार तर दोन प्रकारचा दिसतो, मळका आणि धुतलेला. अडतीस वर्षं तिनं दातांच्या प्रयोगशाळेत लोकांचे दात घडवले. कवळ्या, कॅप, ब्रिज, सगळं. तिच्या पर्समध्ये एक पट्टी असायची, तिच्यावर सोळा नमुन्याचे दात ओळीनं लावलेले आणि प्रत्येकाला नंबर. लग्नानंतर आठ दिवसांनी ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, झालं, बाई प्रेमात पडली. ती म्हणाली, "तुम्ही ए-थ्री आहात. चहा कमी करा."

ह्या बाईनं पंचेचाळिसाव्या वर्षी साप पाळायला घेतले, आणि त्याचं कारणही रंगच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे. दुकानदाराला सगळे चष्मेवाला म्हणतात आणि मीही तेच म्हणणार. खरं नाव घ्यावं एवढी त्याची लायकी उरलेली नाही. दुकानामागच्या खोलीत त्यानं कॉर्न स्नेक पाळले होते. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा साप बिनविषारी, अडीच-तीन हात लांब आणि स्वभावानं आमच्या जावयापेक्षा गरीब. पोटावर मक्याच्या दाण्यांसारखे चौकोन असतात म्हणून हे नाव. मूळ रंग तांबडा, पण पाळणाऱ्यांनी जोड्या लावून लावून त्यातून भलभलते रंग काढलेत. कुणाच्या अंगावर काळं नाही, कुणाच्या लाल नाही, कुणाच्या दोन्ही नाही. ही नंबर तपासायला गेली ती दीड तासानं परत आली, चष्म्याशिवाय. हातात डबा आणि डब्यात बोटाएवढं पिल्लू. "ह्याचा पांढरा पट्टीवर नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजावरूनच मला कळलं की हा पाहुणा आता जात नाही.

पाच-सहा वर्षांत मागची खोली भरली. भिंतीला रॅक, रॅकवर प्लास्टिकचे चौदा डबे, खालून ऊब देणारी पट्टी. प्रत्येक डब्याच्या झाकणाला दोन क्लिपा, लावताना टक्, टक् वाजायच्या. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: जन्म कधीचा, आई कोण, बाप कोण, अंगात कुठला रंग लपलाय, शेवटची कात कधी टाकली. हिचं अक्षर मुंगीएवढं, पण सुवाच्य. ह्या सापवाल्या लोकांत एक कडक रिवाज आहे, चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही. तोंडानं काय हव्या त्या थापा मारा. चिठ्ठीवर बापाच्या जागी एकदा चुकीचं नाव पडलं, की पुढच्या दहा वर्षांच्या जोड्या पाण्यात.

दर रविवारी सकाळी डबे साफ करायचं काम माझं. फ्रीजरमधले उंदीर वितळवून खाऊ घालणं मला कधी जमलं नाही, ते हिच्याकडे. मी साप उचलायचा, कापडी पिशवीत ठेवायचा, डबा धुवायचा, भुसा बदलायचा, पाणी भरायचं, साप परत आत, टक् टक्, पुढचा डबा. एका वेळी एकच पिशवी. मी एकतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतो. दिवसाला एकशे साठ गाड्या, कुठली कधी सुटली, कुठली अकरा मिनिटं उशिरा आली, रजिस्टर न उघडता सांगायचो. चौदा डबे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. इतक्या वर्षांत एक चूक नाही. हे जरा लक्षात ठेवा.

चौदातला एक माझा लाडका. तांबड्या. साधा, मूळ रंगाचा, म्हणजे हिच्या लेखी बिनकामाचा. तो चष्मेवाल्यानंच दिला होता, "नर आहे, मी तपासलाय" असं सांगून. साप नर की मादी ते वरून कळत नाही. शेपटीच्या मुळाशी बारीक सळई सरकवून खोली मोजावी लागते, आणि आमच्याकडे ते काम तोच करायचा. हिवाळ्यात ही दोन-अडीच महिने खोलीची ऊब बंद ठेवायची, कारण थंडी काढल्याशिवाय हे साप पुढे संसाराला लागत नाहीत. मला तांबड्याची कीव यायची. त्याला कुठे संसार करायचा होता? मी त्याचा डबा उचलून बाहेरच्या खोलीत माझ्या खुर्चीजवळ आणून ठेवायचो, दिव्याखाली. "लाडावून ठेवा अजून," ही म्हणायची.

आता सायीची गोष्ट. दोन साध्या तांबड्या सापांच्या अंड्यांतून एकदा एक पिल्लू फिकट निघालं. ही पट्टी घेऊन तासभर त्याच्याशेजारी बसली. सोळापैकी एकही दात जुळेना. शेवटी म्हणाली, "ही साय आहे. दुधावरची, आदल्या दिवशीची." तेच नाव पडलं. चष्मेवाला बघायला आला, दोन वेळा चष्मा पुसला आणि म्हणाला, "वहिनी, असा रंग मी कुणाकडे ऐकलासुद्धा नाही."

रंगाचा हिशोब असा. पिल्लाला एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. साय लाजाळू आहे. दोन्ही वाटे सायीचे असतील तरच ती अंगावर येते. एक जरी वाटा तांबडा असला, तर पिल्लू तांबडं दिसतं आणि साय आत दडून बसते. म्हणून आई आणि बाप दोघंही सायीचे असतील, तर सगळी पिल्लं सायीचीच होणार. तांबडं एकही नाही. मला नववीत गणितात पस्तीस मार्क होते, पण एवढं मलाही कळतं.

पहिलं पिल्लू नर निघालं. तीन वर्षं वाढवलं. चष्मेवाल्यानं आपली एक मादी जोडीला दिली. पिल्लं झाली ती सगळी तांबडी, साय आत लपलेली. त्यांतली एक लेक परत तीन वर्षं वाढवली आणि बापाशीच जोडी लावली. सापांत चालतं ते, त्यांना नातेवाइकांची भीती नसते. त्या अंड्यांतून सायीची एक मादी मिळाली. तिलाही तीन वर्षं वाढवली. बापाला आम्ही म्हातारा म्हणायचो, तिला थोरली. नऊ वर्षांत हिनं कमावलेले हे दोन जीव. प्रयोगशाळेत तिनं हजारो दात केले आणि सगळे दुसऱ्यांच्या तोंडात गेले, कुणाला तिचं नाव माहीत नाही. साय तेवढी तिची होती. तिच्या तोंडून हे कधी आलं नाही, पण मी नवरा आहे, मला कळायचं.

थोरली वयात आली आणि हिचा गुडघा गेला. ऑपरेशन, मग काठी, मग तीन महिने घरात बसणं. जोडी लावणं एक वर्ष पुढे ढकललं. मला उंदीर हाताळता येत नाहीत म्हणून चष्मेवाला आठवड्यातून एकदा येऊन सगळ्यांना खायला घालून जायचा. थोरलीचे खाण्याचे नखरे होते. "हिला माझ्याकडेच नेतो," तो म्हणाला. "रोज डोळ्यांसमोर राहील." त्याच वर्षी हिनं त्याचे पुढचे पडलेले दोन दात करून दिले होते. त्याच्या दाताचा रंग पट्टीवर दोन नंबरांच्या मधला येत होता, तर हिनं तीन वेळा भट्टी लावून तो बरोबर उतरवला. इतका आमचा घरोबा. त्यानं थोरलीला नेली आणि तीन महिन्यांनी परत आणली तेव्हा तिची कातडी मागच्या बाजूला सैल लोंबत होती. "खातच नव्हती हो," तो म्हणाला. "वहिनींची आठवण काढत असेल." ही हसली. सापाला कुणाची आठवण येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिला ते ऐकायला बरं वाटलं.

पुढच्या वर्षी थोरली आणि म्हातारा यांची जोडी लागली. तेरा अंडी आली. साठ दिवस ही त्या पेटीभोवती घिरट्या घालत होती. सापाच्या पिल्लाच्या नाकाच्या टोकाला एक इवलासा दात असतो, अंडं आतून चिरण्यापुरता, दोन दिवसांत गळून जातो. ही त्याला म्हणायची, फुकट मिळालेला आणि कधी न किडणारा दात. त्या सकाळी पहिल्या अंड्याला चीर पडली तेव्हा चष्मेवालाही हजर होता. मी चहा केला होता. पहिलं पिल्लू सायीचं. दुसरं सायीचं. तिसरं डोकं बाहेर आलं ते तांबडं.

हिनं कप खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत सहा सायीची झाली आणि सात तांबडी.

मग चष्मेवाल्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि अगदी सहज विचारलं, "रविवारी डबे कोण साफ करतं?"

ह्याला म्हणतात केसानं गळा कापणं. पण तेव्हा मला तो केस दिसला नाही.

ही माझ्याकडे वळली. खोलीत म्हाताऱ्याशिवाय नर एकच उरला होता, तांबड्या. थोरलीच्या शेजारचाच डबा. बाकी सगळ्या माद्या. "अहो," ती म्हणाली, "साफ करताना थोरलीला कधी चुकून तांबड्याच्या डब्यात ठेवलंत का? तासभर जरी राहिली असेल तरी पुरे."

"नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

आता इथे माझं दुखणं सांगायला हवं. माझे वडील शेवटची सहा वर्षं मला काकांच्या नावानं हाक मारायचे. शर्ट उलटा घालायचे. एकदा दुधाचं पातेलं कपाटात ठेवलं आणि आठ दिवस ते सापडलं नाही, नाकाला सापडलं. साठी ओलांडल्यापासून माझ्या मनात एकच भीती, आपला नंबर कधी. आणि समोर सात तांबडी पिल्लं वळवळत होती, ती काही आकाशातून पडली नव्हती. मी म्हणालो, "ठेवली असेल."

"होतं भाऊ असं," चष्मेवाला म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून. "वयाबरोबर होतंच."

ही ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, दोन दिवस अबोला धरला असता आणि विषय मिटला असता. तिनं फक्त सात नवे डबे घेतले आणि सात चिठ्ठ्या लिहिल्या. मी मागून वाचलं. आई: थोरली. बाप: तांबड्या. आणि खाली बारीक अक्षरात: यांच्या हातून चूक. सात डब्यांवर सात वेळा. नऊ वर्षांच्या सायीच्या ओळीत आता माझी चूक कायमची लिहिली गेली, आणि ह्या लोकांत चिठ्ठी खोटी नसते. त्या दिवसापासून मी खोलीत जायचं नाही असं ठरलं. कुणी म्हटलं नाही, पण ठरलं.

लेकीचा फोन आला. "बाबा, डॉक्टरांना दाखवून या. आजोबांचं आठवतं ना?" हिचा गुडघा अजून दुखत होता, म्हणून मला घेऊन गेला चष्मेवाला. आपल्या गाडीतून, दुकान बंद ठेवून. डॉक्टरांनी मला कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. मला. एकतीस वर्षांच्या टाइमकीपरला. मी सेकंदकाट्यासकट काढलं. मग त्यांनी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं विचारतो म्हणाले. कात्री, ढग, बहीण, लाकूड, पिवळा. विचारलं तेव्हा मला चारच सांगता आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे, पण घरच्यांनी लक्ष ठेवा. परत येताना सिग्नलला गाडी थांबली आणि मला एकदम आठवलं. "बहीण," मी म्हणालो. "बहीण राहिली होती." चष्मेवाला समोर बघत म्हणाला, "जाऊ द्या हो भाऊ. एवढं मनाला लावून घेऊ नका." त्याला सगळं ठाऊक होतं. त्या क्षणीसुद्धा ठाऊक होतं. ह्यावर विचार करायला लागलो की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या वर्षाबद्दल जास्त सांगत नाही. घराची किल्ली दोरीनं माझ्या गळ्यात आली. गॅस पेटवायचा नाही. गोळ्या ही मोजून हातावर ठेवणार. डेपोतले जुने दोस्त रोज संध्याकाळी बागेत बसतात, तिथे जाणं मी सोडलं, कारण कुणाचं नाव चुकलं तर? रोज सकाळी तोंड धुताना आरशात बघून ते पाच शब्द म्हणायचो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला ते आठवायला लागलं. थोरली माझ्या हातात आहे, मी तिला तांबड्याच्या डब्यात सोडतोय, ती भुशात शिरतेय. इतकं स्पष्ट, की कोर्टात शपथेवर सांगितलं असतं. जे कधी झालंच नव्हतं ते मला आठवत होतं.

हिवाळा आला. हिनं खोलीची ऊब बंद केली. आदल्या हिवाळ्यापर्यंत तांबड्याचा डबा उचलून बाहेर आणणारा मी, आणि मला आत जायला बंदी. हिच्या ते डोक्यातही आलं नाही. त्या वर्षी तांबड्यानं पहिल्यांदा अडीच महिने सगळ्यांबरोबर थंडी काढली. मी बाहेर खुर्चीत बसून रिकाम्या जागेकडे बघायचो, पण तोंडानं बोललो नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?

थंडी सरून तीन महिने झाले असतील. सकाळची वेळ, मी पेपर वाचत होतो, म्हणजे तारीख पाठ करत होतो. आतून हिची हाक आली. "अहो, इकडे या."

"मला तिथे यायला मनाई आहे," मी म्हणालो.

"या म्हणते ना."

गेलो. ही स्टुलावर बसली होती, काठी खाली पडलेली. मांडीवर तांबड्याचा डबा, झाकण उघडं. आत तांबड्या वेटोळं घालून पडलेला, आणि वेटोळ्यात अकरा अंडी. पिवळट, सुकलेली, पोकळ अंडी. मादी नराशिवाय राहिली तरी अशी रिकामी अंडी घालते. पण घालते ती मादीच.

मी अंड्यांकडे बघितलं, मग तांबड्याकडे, मग हिच्याकडे. म्हटलं, "आपला तांबड्या तर बाळंतीण निघाला."

ही हसली नाही. ती रॅककडे बघत होती, त्या सात चिठ्ठ्यांकडे. "तांबड्या मादी आहे," ती हळू म्हणाली. "म्हणजे तो बाप नाही. म्हणजे तुम्ही थोरलीला त्याच्या डब्यात ठेवली असती, वर्षभर ठेवली असती, तरी काही झालं नसतं."

"मी ठेवलीच नव्हती," मी म्हणालो. आणि ते बोलताना माझ्या डोक्यातलं ते चित्र, थोरली भुशात शिरतानाचं, जागच्या जागी विरून गेलं. एक वर्ष. एक अख्खं वर्ष मी स्वतःला पुसून टाकत बसलो होतो.

हिचं डोकं मात्र पुढे धावत होतं. नर खोलीत दोनच होते, त्यातला एक नरच नव्हता. मग तांबडा वाटा आला कुठून? सापाची मादी नराचं बीज अंगात वर्षभर जपून ठेवू शकते, हे तिला ठाऊक होतं. पण थोरली कधी दुसऱ्या नराजवळ गेलीच नाही, अशी तिची खात्री होती. एकदाच थोरली घराबाहेर राहिली होती. तीन महिने. आणि परत आली ती मागून सैल पडलेली, जशी अंडी घातल्यावर मादी पडते.

"काठी द्या," ती म्हणाली.

चष्मेवाला दुकानात होता. आम्हाला दोघांना एकत्र बघून हसला. हिनंच घडवलेल्या त्या दोन दातांनी हसला. "वहिनी, या या. भाऊ कसे आहेत आता?"

"मागची खोली बघायची आहे," ही म्हणाली.

तो जरा घुटमळला, पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही. मागच्या खोलीत त्याचे डबे. खालच्या ओळीत चौदा नवे, त्यांत दीड-दीड वर्षांची तांबडी पोरं. ही वाकली, गुडघा दुखत असताना वाकली, आणि पहिली चिठ्ठी वाचली. मीही वाचली. त्याचं अक्षर. आई: थोरली. बाप: आमचा मोठा तांबडा. अंगात लपलेलं: साय.

चौदाच्या चौदा चिठ्ठ्या खऱ्या होत्या. तीन महिन्यांत त्यानं थोरलीला आपल्या नराजवळ ठेवलं, अंडी ठेवून घेतली आणि रिकामी आई आम्हाला परत केली. ही पोरं वयात आली की भावाबहिणींच्या जोड्या लावून साय त्याच्या घरात उगवणार होती. त्याचं नाव लावून.

"खोटी चिठ्ठी लावली असती तर कळलंही नसतं आम्हाला," मी म्हणालो.

"ओळ बिघडली असती," तो म्हणाला. मान खाली. त्या माणसाला त्यात काही विचित्र वाटलं नाही, हे मला अजून पचत नाही.

"मागितली असतीत तर दिली असती," ही म्हणाली.

"नऊ वर्षं मीही होतो ह्यात, वहिनी. मादी माझी होती. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, 'अर्धी साय तुमची.'" हे तो खरंच मनापासून बोलला. आणि खोटं का बोलू, त्यात थोडं तथ्य होतं. एवढ्यावर मिटलं असतं तर मी एखाद्या वर्षानं त्याच्याकडे पुन्हा चष्मा करायला टाकला असता.

पण हिनं विचारलं, "आणि ह्यांचं काय? ह्यांच्यावर खापर फुटलं तेव्हा तुम्ही समोर होतात. डॉक्टरकडे तुम्ही घेऊन गेलात."

चष्मेवाला माझ्याकडे बघेना. "मी फक्त विचारलं होतं, डबे कोण साफ करतं," तो म्हणाला. "ठेवली असेल असं भाऊ स्वतःच म्हणाले. मी कुठे म्हणालो? आणि मानलं कुणी? मी की तुम्ही?"

मला वाटलं आता काठी उगारते, निदान ते दोन दात परत मागते. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "रंग अजून जुळतोय," आणि वळून चालायला लागली. वाटेत त्याचा शेवटचा प्रश्न आमच्या दोघांच्या मधून चालत होता. वर्षभर माझ्या मनात तोच होता, फक्त विचारायची हिंमत नव्हती. त्यानं माझी फसवणूक केली हे खरं. पण सदतीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून, इतकी वर्षं माझे रविवार बघून, सात पिल्लांवर जिनं विश्वास ठेवला आणि माझ्यावर नाही, ती तर माझी बायको होती.

घरी आल्यावर तिनं सातही चिठ्ठ्या काढल्या, फाडल्या, नव्या लिहिल्या. माझ्या गळ्यातली किल्लीची दोरी स्वतःच्या हातानं काढून खुंटीला लावली. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "चुकलं माझं. फार चुकलं." डोळे भरलेले होते. आमच्या हिच्या तोंडून असं वाक्य मी ह्याआधी ऐकलेलं नाही. मी म्हटलं, "चहा टाकतो." आणि एका वर्षानंतर पहिल्यांदा गॅस पेटवला. तिनं अडवलं नाही.

त्या रविवारी ती म्हणाली, "डबे वाट बघतायत तुमची." मी बाह्या वर केल्या. पिल्लांचे डबे तिनं आधीच आवरले होते, मोठे चौदा माझ्यासाठी ठेवले होते. एका वेळी एकच पिशवी. थोरली, म्हातारा, मग तांबड्या. तांबड्या म्हणावं की तांबडी, हा प्रश्न होता, पण इतक्या वर्षांनी हाक कोण बदलणार. तो माझ्या मनगटाभोवती वेढा घालून बसला, जीभ बाहेर काढून हात चाचपत. चौदाही डबे झाले. कुठे भुसा सांडला नाही, कुठे पाणी राहिलं नाही. मी ओरडून सांगितलं, "झालं गं," आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

पेला भरला तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. टक्, टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्, टक्. ही एकेक झाकण उघडून आत कोण आहे ते बघत होती आणि परत लावत होती. मी मोजत उभा राहिलो, जुनी खोड. चौदा डबे, दोन-दोन क्लिपा. अठ्ठावीस झाल्यावर ती बाहेर आली आणि मला दारात बघून थबकली.

"सवय लागलीय हो," ती म्हणाली. "हात आपोआप जातो."

"सगळे जागच्या जागी होते?"

"होते."

मी पेला धुऊन पालथा घातला. तेव्हापासून दर रविवारी मी डबे साफ करतो, आणि मी बाहेर आलो की ती आत जाते. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात उभा राहतो, अठ्ठाविसावा आवाज होईपर्यंत, आणि मनातल्या मनात म्हणतो: कात्री, ढग, बहीण, लाकूड, पिवळा. पाचही येतात. कधीच एकही चुकत नाही, पण ते तपासायला कुणी येत नाही.